अप्पांच्या गोळीची वेळ

अप्पांची दुधाच्या हिशेबाची वही परवा पुन्हा चाळली. 2019 मधलं अक्षर टपोरं आहे. पुढच्या दोन वर्षांत ते बारीक होत होत शेवटी आकडे मुंगीएवढे झालेत. हात थरथरायला लागल्यावर आम्ही डॉक्टरांकडे धावलो, पण कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, त्या वहीत केव्हाच येऊन बसला होता.

न्यूरोलॉजिस्टनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळपट भाग असतो. तिथल्या पेशी डोपामीन तयार करून पुढे सोडतात, पुढच्या पेशींवरचे रिसेप्टर ते पकडतात आणि हालचाल सहज होते. कंपवातात डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. पकडणारे रिसेप्टर मात्र बरेचसे शाबूत असतात, म्हणूनच औषध लागू पडतं. डोपामीन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा शिरतं आणि आत त्याचं डोपामीन होतं. गोळीतलं कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्ची पडू देत नाही.

आत्याने खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणलं. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, आणि नेमकं म्हणूनच डॉक्टरांनी ते परस्पर द्यायला मनाई केली. पोटात नक्की किती गेलं, हे कसं कळणार?

सगळ्यात जास्त घाबरलो ते त्या पावसाळ्यात. अप्पांना उलट्या सुरू झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उलट्या थांबल्याही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थिजले. पाऊल उचलेना, चेहरा कोरा, रात्री कुशीवर वळायलाही दोघं लागायचो. आई म्हणाली, "आजार वाढला गं." मीही तेच धरून चालले होते. न्यूरोलॉजिस्टना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "पाकिटावर काय लिहिलंय, वाचा." मेटोक्लोप्रमाइड. हे औषध मेंदूतले डोपामीनचे रिसेप्टर अडवून धरतं. अप्पांची नेहमीची गोळी पोटात जात होती, पण तिच्यापासून झालेल्या डोपामीनला धरायला जागाच मोकळी नव्हती! ते औषध तिथल्या तिथे बंद केलं. अप्पा पूर्वपदावर यायला मात्र बरेच दिवस गेले.

आता फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल नको. शेवटची दोन औषधंही तेच रिसेप्टर अडवतात. घरात कंपवाताचं माणूस असेल तर तुम्हीही आजच लिहा आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी ते पान दाखवा. लेव्होडोपा मात्र मनाने अचानक बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो.

जेवणाचं गणित बसवायला वेळ लागला. अप्पा सकाळची गोळी कपभर दुधाबरोबर घ्यायचे आणि दहापर्यंत अवघडलेले असायचे. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच वाटेने जातात. दूध-वरण आधी गेलं की गोळी मागे राहते. डॉक्टरांना विचारून आम्ही गोळी साडेसहाला नुसत्या पाण्याबरोबर द्यायला लागलो. दूध-भाकरी साडेसातला.

सात वाजून दहा मिनिटांनी अप्पा खाटेच्या कडेला बसून सदऱ्याची गुंडी लावतात. पहिली दोनदा निसटते. मी दारातच थांबते, पुढे होत नाही. चौथी लागली की ते आईला हाक मारतात, "चहा टाक."