अडकित्ता आणि 'नो सूनर'

भर दुपारी खाली पार्किंगमध्ये शेजारचा मुलगा चेंडू भिंतीवर आपटत क्रियापदांची रूपं पाठ करत होता. एका आपटीला एक रूप. 'रिंग, रँग, रंग' झालं, 'सिंग, सँग, संग' झालं, आणि त्याच झोकात 'ब्रिंग, ब्रँग, ब्रंग'ही झालं. वरच्या गॅलरीतून आई ओरडली, "ब्रॉट! ब्रॉट!" चेंडू थांबला. मला विचाराल तर पोराची चाल बरोबर होती.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. एबीसीडी गिरवून होते न होते तोच पुढ्यात एस आला. नामाला लावला की अनेकवचन, क्रियापदाला लावला की एकवचन! अशा शंकांना नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आजोबा होते. पोस्टातून निवृत्त. 'आय बेग टू स्टेट'पासून 'युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'पर्यंत अख्ख्या वाड्याचे अर्ज तेच लिहीत. 'नो सूनर'नंतर कुणी 'दॅन'ऐवजी 'व्हेन' म्हटलं, की ते पेन्सिल खाली ठेवून अडकित्ता उचलत. सुपारी कातरून होईपर्यंत चकार शब्द नाही. काय चुकलं ते आपण ओळखायचं. मग 'टू काढा'. 'ही इज टू वीक टू वॉक' घ्यायचं, त्यातला 'टू' काढायचा आणि 'सो वीक दॅट' करायचं. तो अशक्त माणूस आमच्या तीन पिढ्यांत एक पाऊल चाललेला नाही, आम्ही नुसतं त्याचं वाक्य बदलत बसलो.

याच आजोबांना एकदा एका गोऱ्या पाहुण्याने शनिवारवाड्याचा रस्ता विचारला. आजोबा मनात वाक्य जुळवेपर्यंत तो अप्पा बळवंत चौकाकडे चालूही लागला. 'शनिवारवाडा'च्या आधी 'द' येतो की नाही, यावर गाडी अडली होती म्हणे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलही सुरू केलं. धार काढायला मात्र आम्हाला बसवलं.

मला धीर येतो तो मेजर कँडींमुळे. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात हे होते, मराठीत विरामचिन्हं रुळवण्यातही यांचाच मोठा वाटा. पण त्यांना 'तो दरवाजा' आणि 'ते दार' कुणी कसं शिकवलं असेल? वस्तू तीच, बिजागऱ्या त्याच. साहेबांनी कारण विचारलं असेल आणि समोरचे शास्त्रीबुवा 'असंच म्हणतात' म्हणून मोकळे झाले असतील. असं चित्र रंगवलं की मला उगाचच बरं वाटतं.

इंग्रजी पत्र मी अजूनही आधी 'अ', 'अॅन', 'द'शिवाय लिहून काढतो आणि शेवटी कोथिंबीर भुरभुरावी तसे ते वरून घालतो. परवा हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंग झाली. चेन्नईचा, लखनौचा, सांगलीचा, सगळे 'द' गाळून धडाधड बोलले, कामं वाटून घेतली आणि चहाला गेले. कुणाचं काही अडलं नाही. मी मात्र मिनिट्स लिहिताना जागच्या जागी सगळे 'द' घातले. कुणी वाचले असतील असं वाटत नाही.