वीत आणि चार बोटं

हळदीकुंकू असो, बारसं असो, सोसायटीची मीटिंग असो, मी पोलिसात होते हे कळलं की प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुम्ही डिपार्टमेंटमध्ये होतात. ह्या मुलींच्या कपड्यांवर एकदाचा कायदा का करत नाही हो?" २०२५च्या जानेवारीत सिद्धिविनायक न्यासाने तोकड्या कपड्यांना मनाई केली, तेव्हापासून तर जोर चढलाय. देवळात नियम चालतो, मग रस्त्यावर का नको? अहो, देवळाला विश्वस्त असतात. रस्त्याचे विश्वस्त कोण? आणि देवळातही कुठे एकमत आहे? तुळजापुरात २०२३च्या मे महिन्यात असाच फलक लागला आणि लगेच मागे घ्यावा लागला.

एरवी मी हसून चहा पुढे करते. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण पुन्हा विचारू नका.

मुळात कायदा नाही, हेच खोटं. पोलीस कायद्याचं ११० कलम आहे, त्याचा दंड ११७ मध्ये. रस्त्यात जाणूनबुजून असभ्यपणे अंग उघडं टाकलं, असभ्य वागलं की लागतं. शिवाय दंड संहितेचं जुनं २९४, आता भारतीय न्याय संहितेचं २९६. अश्लील कृत्य, तीन महिन्यांपर्यंत कैद. मात्र कपडा किती हवा, हे ह्यातल्या एकाही कलमात नाही. ती गाळलेली जागा आमच्यासारख्यांनी भरायची.

मी भरलीये.

साल २००७. बागेजवळची चौकी. शहर विचारू नका. संध्याकाळी फिरायला येणारे चार-पाच ज्येष्ठ तक्रार घेऊन आले. आम्ही बायकामुलांसोबत येतो आणि इथे काय चाललंय बघा म्हणाले. साहेबांनी मला पाठवलं. बाकावर एक मुलगी बसलेली, एकोणीस-वीसची, जीन्सच्या कापडाचा आखूड स्कर्ट. शेजारी तिचा मित्र. दोघं भेळ खात होते. एवढंच. खांद्यावर हातसुद्धा नव्हता. मुलगा हाफ पँटीत होता. त्याच्या गुडघ्यांची तक्रार कुणी केली नव्हती, आणि ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी, भाजी निवडताना अचानक आठवलं.

मुलाला दम देऊन सोडलं. मुलीला चौकीत आणलं. मी रिपोर्टात 'तोकडे कपडे' लिहिलं, तर साहेब म्हणाले, "तोकडे म्हणजे किती? उद्या कोर्टाने विचारलं तर? माप लिहा." चौकीत टेप कुठून असणार? रजिस्टरला रेघा मारायची फूटपट्टी होती, तीही त्या दिवशी सापडेना. मग मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तिच्या गुडघ्यापासून वर हात पसरला. एक वीत. त्यावर चार बोटं.

तिच्या पायावर काटा आला होता. "मावशी, हात काढा ना," ती हळूच म्हणाली. मॅडम नाही, मावशी. मी हात काढला, पण मापून झाल्यावर. तक्रार करणारे दारात उभे राहून बघत होते. ज्यांना बघवत नव्हतं, तेच.

वडील आले, हातात डब्याची पिशवी. आल्याआल्या सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात दिली. मी मध्ये पडले नाही. उलट मनात म्हटलं, चला, घरात धाक आहे. दंड भरला. जाताना ते साहेबांना हात जोडून म्हणाले, "उद्यापासून हिचं कॉलेज बंद." पुढे खरंच बंद केलं का, कुणाला ठाऊक. मी चौकशी केली नाही. चौकशी करणं हेच माझं काम होतं.

मी हुकमाची ताबेदार होते, हे खरं. मापायला साहेबांनी सांगितलं, हेही खरं. पण वीत माझीच होती.

त्या रात्री घरी मी अभिमानाने सांगितलं होतं, आज एका पोरीला वेळेवर वळणावर आणलं. त्या वेळच्या मला आता विचारावंसं वाटतं, बाई गं, तू १९८६ला भरती झालीस, पँट-शर्ट घालून गावी गेलीस, तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या? "शर्ट खोचू नकोस, मागून सगळं दिसतं." सरकारी गणवेश होता तो! आणि सासूबाईंची सासू? भातलावणीला मांड्यांपर्यंत कासोटा मारून, चोळी न घालता चिखलात उभी. तिला कुणी माप लावलं नाही.

नागपूर खंडपीठाचा २०२३च्या ऑक्टोबरमधला निकाल पेपरात वाचला. उमरेडजवळच्या रिसॉर्टवर तोकड्या कपड्यात नाच चालला होता, म्हणून धाड पडली होती. कोर्टाने गुन्हा रद्द केला, आणि अश्लील काय ते ठरवणं पोलिसांच्या हाती सोपवायची आमची तयारी नाही, अशा अर्थाचं म्हटलं. आधी राग आला. एवढी वर्षं उन्हातान्हात बंदोबस्त केले ते काय उगाच? पेपर घडी करून ठेवला. दुपारी पुन्हा काढून वाचला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मॅडमचं मतपरिवर्तन झालं. तसं काही नाही. गेल्या गणपतीत नात पाठ उघडी टाकणारं पोलकं घालून आरतीला उभी राहिली, तर मीच तिच्या अंगावर ओढणी टाकली. नऊवारीतल्या बाईचा विनयभंग झाल्याची तक्रार मी लिहून घेतलीये, शाळेच्या गणवेशातल्या पोरीचीही. कपड्यांनी काही थांबत नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी ओढणी टाकलीच. नातीने ती काढून खुर्चीवर ठेवली. मी गप्प बसले. ते बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, डोळेही पुसले. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण गुडघ्याच्या खाली, एवढा तरी नियम हवाच."

"मापायला कोण येणार?" मी म्हटलं. "तुम्ही?"

"इश्श, मी कशाला? तुमच्यासारख्या बायका आहेत की पोलिसात."