वीस अंशांची खोली

मोठ्या वयात ऑटिझमचं निदान करायचं तर रक्ताची तपासणी नसते, मेंदूचा स्कॅन काढूनही भागत नाही. माणसाशी तासन्‌तास बोलावं लागतं आणि त्याचं बालपण पाहिलेलं कोणीतरी गाठावं लागतं, कारण ही लक्षणं लहानपणापासूनची असावी लागतात. चाळिशी ओलांडलेल्यांच्या बाबतीत इथेच घोडं अडतं. आईवडील नसतात, असले तर आठवत नाही, आठवलं तरी सांगायला जीभ रेटत नाही. ज्यांच्याबद्दल हे लिहिते आहे त्या ताईंची आई मात्र सासवडहून एकटीच बसने माझ्या एरंडवण्यातल्या क्लिनिकमध्ये आली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, ही जन्मली तेव्हापासूनचं सगळं सांगते. आजवर कुणी विचारलंच नाही.”

(ताईंना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताईंची आई, म्हणजे काकू, बोलत होत्या आणि मी भराभर लिहून घेत होते. सणाला पाहुणे आले की ही माळ्यावर, गव्हाच्या पोत्यांमागे. फ्रॉकला मागून शिवलेली पट्टी टोचते म्हणून फ्रॉकच काढून टाकायची. शाळेतून येताना वाट बदललेली खपायची नाही. आणि मग एक गोष्ट त्यांनी अगदी सहज सांगितली. अंगणात मुली खेळत असायच्या, ही लांबून बघायची आणि नंतर घरात येऊन आरशासमोर त्यांच्यासारखं हसून बघायची. एकीचं हसणं जमलं की दुसरीचं. “मला वाटायचं, पोरीला नटायची हौस आहे,” काकू म्हणाल्या.

माझं पेन तिथे थांबलं. आम्ही ज्याला मास्किंग म्हणतो, म्हणजे आपलं वागणं लपवून दुसऱ्यांचं वागणं अंगावर चढवणं, त्याचं इतकं स्पष्ट वर्णन मला एका आईकडून पहिल्यांदाच मिळत होतं. अशा मुली कुणाच्या नजरेत भरत नाहीत. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र जागा दिली, त्यांत मुली फक्त 3 होत्या. ऑटिझम म्हणजे न बोलणारा लहान मुलगा, हे चित्र पुढे कित्येक दशकं डॉक्टरांच्याही डोक्यातून गेलं नाही. आवाज, उजेड, कापडाचा स्पर्श सहन न होणं हे निकषांमध्ये लिहिलं गेलं ते 2013 मध्ये, डीएसएम-5 हे मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक आलं तेव्हा. ताई तोवर तिशीत पोचल्या होत्या. नातेवाइकांत त्या शिष्ट, सासरी तुसड्या, आणि औषधांच्या फायलीत चिंतारोगाच्या जुन्या रुग्ण.

ताई भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि काम स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाची साधनं तपासायच्या खोलीत. ही खोली मला त्यांनी इतकी नीट समजावून सांगितली की मी आजही ती डोळ्यांपुढे आणू शकते. लांबीच्या मापनाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. पोलाद उष्णतेने वाढतं, म्हणून खोलीचं तापमान तेवढंच ठेवायचं. प्रेस शॉपचा हादरा पोचू नये म्हणून ती लांब. दार सारखं उघडायचं नाही, विनाकारण कुणी आत यायचं नाही. ऑफिसची टेबलाची नोकरी त्यांनी दोनदा नाकारली होती आणि घरच्यांना ते कधी कळलं नव्हतं. मला मात्र त्या खोलीचं वर्णन म्हणजे निम्मं निदानच वाटलं. जगण्यासाठी जे लागतं ते या बाईंनी कुणी न सांगता स्वतःसाठी शोधून काढलं होतं.

निदान सांगितलं त्या दिवशी ताई रडल्या नाहीत. अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “माझ्यासारखं कुणी म्हातारं झालंय का?”

हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. मी त्यांना डोनाल्ड ट्रिपलेट यांच्याबद्दल सांगितलं. कॅनर यांच्या लेखातला पहिला मुलगा, ‘डोनाल्ड टी.’, तो हाच. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात ते वाढले, तिथल्याच बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, देशोदेशी फिरले आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारले. गावाने त्यांना आपलं मानलं होतं. घर पैसेवाल्यांचं, बँकही घरच्यांशी संबंधित, त्यामुळे गावाचं मन मोठं व्हायला मदत झाली असणार, हेही मी सांगितलं. अर्धवट सांगून दिलासा देणं मला पटत नाही. ताई म्हणाल्या, “पण गाव होतं ना त्यांना. मला गाव कुठंय?”

त्यानंतर मी गट सुरू करायचं लांबणीवर टाकलं नाही. मोठेपणी निदान झालेली माणसं माझ्याकडे एकेकटी यायची, आणि अख्ख्या पुण्यात आपण एकटेच असे आहोत असं प्रत्येकाला वाटायचं. रविवारची सकाळ ठरवली, कारण संध्याकाळी कर्वे रस्त्याचे हॉर्न थेट हॉलमध्ये येतात. आधी सगळ्यांना लिहून पाठवलं: कुठल्या दारानं यायचं, हॉल कसा दिसतो (फोटोसकट), किती वेळ चालेल, बोलायची सक्ती नाही, न सांगता उठून गेलं तरी चालेल.

त्या सकाळी पहिल्यांदा काय झालं असेल तर एका तरुणाने उठून ट्यूबलाइट बंद केली. कुणाला विचारलं नाही. दोघं-तिघं एकदमच म्हणाली, “बरं केलंत.” ती ट्यूब बारीक आवाज करते हे मला आजवर ऐकूच आलं नव्हतं. मग एक निवृत्त गृहस्थ पीएमपीचे जुने मार्ग सांगू लागले, कुठली बस कधी बंद झाली, कुठला थांबा कुठे हलवला. लग्नकार्यात अशा माणसाला लोक दोन मिनिटांत चुकवून पुढे जातात. इथे एक बाई क्रोशाचं विणकाम करत, मान वर न करता ऐकत होती आणि मधेच नेमका प्रश्न विचारत होती. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं की समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडून असते, ती एकट्या ऑटिस्टिक माणसाची कमतरता नाही. मी हे अनेकदा शिकवलं आहे. त्या हॉलमध्ये मात्र खुणा न कळणारी, अवघडून बसलेली एकच व्यक्ती होती, आणि ती मी होते.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग स्लिप गेजबद्दल, म्हणजे लांबीचं अचूक माप ठरवायच्या ठोकळ्यांबद्दल बोलल्या. पोलादाचे चौकोनी ठोकळे, पृष्ठभाग इतका सपाट की स्वच्छ पुसून एकावर एक सरकवत दाबले की एकमेकांना धरून बसतात. ना डिंक, ना चुंबक. बोटांत तो क्षण कसा कळतो ते त्या हातांनी दाखवत राहिल्या. कुणी घड्याळ पाहिलं नाही. आमच्या भेटींत मला दिसायचं ते हसू, वाक्य संपलं की चेहऱ्यावर येणारं, तेव्हा नव्हतं. चेहरा नुसता कामात होता.

पुढे ताईंनी कारखान्यात फक्त साहेबांना सांगितलं. सूचना आता लेखी मिळतात, आणि डबा स्टँडर्ड रूमशेजारी खाता येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यांना ते सध्या नको आहे. ट्यूब बंद करणाऱ्या त्या तरुणाला हवं होतं, तर सरकारी रुग्णालयातल्या रांगेत त्याच्याबरोबर ताई जाऊन बसल्या. गर्दीत, कानात बोळे घालून, रजा टाकून. हे मला त्या मुलाकडून कळलं.

पहिल्या रविवारची एक गोष्ट राहिली. काकू लेकीबरोबर आल्या होत्या आणि बाहेरच्या बाकावर थांबल्या. बसचे मार्ग सांगणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीही तिथेच होत्या. मी दार उघडलं तेव्हा त्यांची पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की संपली होती आणि गप्पा ऐन रंगात होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली पण नवऱ्याबद्दल हे सगळं कुणाजवळ बोलता आलं नव्हतं, असं त्या सांगत होत्या. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मॅडम, आमचाही एक वार ठेवा की. आम्हालाही एकमेकींना बरंच विचारायचंय.”

तिसरा शनिवार ठरला आहे. सासवडची बस उशिरा पोचते, म्हणून अकराची वेळ काकूंनीच सांगितली.