मीटरवर १२ व्होल्ट, तरी इंजिन जागचं हलत नाही

मॉडेल रेल्वेच्या लेआउटच्या (मांडलेल्या रुळांच्या) एका टोकाला इंजिन मंदावतं, थबकतं, बोटानं ढकललं की पुन्हा चालू लागतं. त्याच जागी रुळांना मल्टिमीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मग संशय इंजिनावर जातो, ते उघडलं जातं, ब्रश काढले जातात आणि खरा दोष रुळाखाली तसाच राहतो. मॉडेल रेल्वेतल्या विजेच्या दोषांमध्ये सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो.

डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे तो रुळांतून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर ओढतो. वाटेत १,००० ओहमचा काळा पडलेला सांधा असला तरी एवढ्याशा करंटला तिथे सव्वा मिलिव्होल्टच पडतो आणि मीटर १२ दाखवत राहतो. इंजिनाला मात्र ०.३ ते ०.५ अँपिअर लागतात. सांध्याचा रोध फक्त ५ ओहम धरला, तरी ०.४ अँपिअरला २ व्होल्ट तिथेच गेले. रिकाम्या रुळावरचं रीडिंग एवढंच सांगतं की तार कशीबशी जोडलेली आहे. जोड किती भक्कम आहे, ते लोड लावल्याशिवाय कळत नाही.

लोड म्हणून गाडीचा १२ व्होल्टचा दिवा उत्तम. ५ वॉटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास एका एचओ (१:८७ मापाच्या) इंजिनाइतका. २१ वॉटचा १.७५ अँपिअर घेतो. छोट्या डीसी कंट्रोलरला तो झेपत नाही, तो ५ अँपिअरच्या बूस्टरसाठी (रुळांना जास्त करंट पुरवणारं उपकरण) ठेवावा. होल्डरला दोन तारा आणि टोकांना मगर-क्लिप लावल्या की टेस्ट लॅम्प तयार.

लेआउट डीसीसीवर (रुळांतूनच इंजिनांना डिजिटल आदेश देणारी पद्धत) असेल तर या चाचणीपुरता बूस्टर पूर्ण सोडवून १२ व्होल्टचा साधा डीसी पुरवठा जोडा. साधे मीटर डीसीसीची चौकोनी लहर नीट मोजत नाहीत. त्याआधी सगळी इंजिनं उचला. डीकोडरमध्ये (इंजिनातली आदेश वाचणारी चिप) डीसी मोड चालू असेल तर इंजिन थेट पूर्ण वेगानं सुटतं.

आता दिवा संशयित जागी दोन्ही रुळांना लावा. आधी कंट्रोलरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग दिव्यापाशी. टर्मिनलवर १२ आणि दिव्यापाशी १०.५ असेल, तर दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी अडकलाय. तो शोधायला मीटरच्या दोन्ही काड्या एकाच रुळावर, सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवा. चांगला सांधा काही मिलिव्होल्ट दाखवतो, खराब सांधा शेकडो. अशा रीतीनं दिव्यापासून मागे फीडरपर्यंत (रुळाला वीज आणणारी बारीक तार), फीडरपासून बसपर्यंत (खालची जाड मुख्य तार) सरकत जा. दिवा काढू नका, नाहीतर सगळे आकडे शून्यावर येतील आणि सगळं ठीक आहे असं वाटेल.

दोष बहुतेक वेळा जॉइनरमध्येच (दोन रुळांची टोकं जोडणारी धातूची पट्टी) सापडतो. जॉइनर रूळ सरळ धरायला चांगले आहेत, करंट वाहून न्यायला नाहीत. ते सैल होतात, आत ऑक्साइड धरतं, रंग आणि खडीचा गोंद शिरतो. पक्कडीनं दाबून घट्ट करणं ही तात्पुरती मलमपट्टी. त्यातून रूळ निकेल सिल्व्हरचे असतात (नावात चांदी असली तरी मिश्रण तांबं, निकेल आणि जस्ताचं), आणि या मिश्रधातूचा रोध तांब्याच्या दहापटीहून जास्त. म्हणून माझं मत ठाम आहे: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर हवा. फीडर ०.५ चौरस मिलिमीटरचा, ३० सेंटिमीटरच्या आत. खालची बस २.५ चौरस मिलिमीटरची. सोल्डरला रोझिन फ्लक्सच वापरा. ॲसिड फ्लक्सचा जोड आज चमकतो आणि काही महिन्यांनी हिरवा पडतो.

वायरिंग झाल्यावर डीसीसीवाल्यांनी नाण्याची चाचणी चुकवू नये. लेआउटवर दर मीटरभर अंतरानं दोन्ही रुळांवर नाणं आडवं टेकवा. प्रत्येक ठिकाणी बूस्टर तत्काळ ट्रिप व्हायला (आपोआप बंद पडायला) हवा. एखाद्या जागी तो ट्रिप झाला नाही, तर तिथपर्यंतच्या वाटेत रोध जास्त आहे. उद्या तिथे डबा घसरून शॉर्ट झाला की १५ व्होल्टला ५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ७५ वॉटपर्यंत उष्णता त्या वाटेत तयार होत राहील. प्लास्टिकचे स्लीपर आणि बोगी वितळायला ती पुरेशी आहे.

शॉर्ट शोधायची रीत वेगळी. वीज बंद करून बस कंट्रोलरपासून सोडवा, इंजिनं आणि डबे सगळे उचला, रुळांवर विसरलेला स्क्रूड्रायव्हर किंवा धातूची पट्टी नाही ना ते पाहा. मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणारं सेटिंग) ठेवून बस मधोमध तोडा. ज्या अर्ध्यात बीप वाजते त्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा फीडर असले तरी चार वेळा तोडल्यावर दोष हाती लागतो. म्हणूनच बसला मध्ये मध्ये टर्मिनल ब्लॉक ठेवावेत; सलग सोल्डर केलेली बस दुरुस्तीच्या वेळी जीव खाते.

बीप वाजतच नाही, पण गाडी धावताना शॉर्ट होतो, तेव्हा पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणारी रुळांची जोडणी) तपासा. एकच ठराविक डबा गेला की ट्रिप होत असेल, तर त्याच्या चाकांमधलं आतलं अंतर गेजनं मोजा. ते कमी असेल तर चाकाची पाठ उघड्या ब्लेडला (पॉइंटची हलणारी रूळपट्टी) घासते, आणि लाइव्ह फ्रॉगच्या (आतले दोन रूळ जिथे मिळतात ते टोक; लाइव्ह म्हणजे त्यात वीज असलेलं) जुन्या धाटणीच्या पॉइंटमध्ये ते ब्लेड विरुद्ध ध्रुवाचं असतं. खरा इलाज असा: ब्लेड फ्रॉगपासून तोडून शेजारच्या स्टॉक (बाहेरच्या, न हलणाऱ्या) रुळाला तारेनं जोडा आणि फ्रॉगला पॉइंट मोटरच्या स्विचमधून वेगळी वीज द्या. एरवी हेच पॉइंट ब्लेडच्या टोकाच्या स्पर्शावर विसंबून असतात आणि तिथे धूळ बसली की पुढची पूर्ण लाइन मरते. तारेनं तोही त्रास जातो. इन्सुलेटेड (वीज नसलेल्या) फ्रॉगवर मात्र रुंद चाक फ्रॉगच्या टोकाशी दोन विरुद्ध रुळांना एकदम टेकतं. तिथे नेलपॉलिशचा पातळ थर लावून पाहा. शॉर्ट थांबला तर जागा सापडली, पण थर झिजतो, तेव्हा नंतर तिथे रूळ थोडा तासून अंतर वाढवा.

लाइव्ह फ्रॉगच्या पुढे आतल्या दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जॉइनर हवेतच. रिव्हर्स लूपला (गाडी फिरून त्याच लाइनवर उलट दिशेनं परत येते तो वळसा) दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत गॅप (वीज तोडणारी फट), आणि लूप सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब. लूप आखूड पडला की धातूची चाकं दोन्ही टोकांचे गॅप एकाच वेळी ओलांडतात आणि ऑटो-रिव्हर्सरही (लूपचे ध्रुव आपोआप उलटवणारं उपकरण) गोंधळतो.

महिनोन्‌महिने नीट चाललेला लेआउट कोरड्या दिवसांत अचानक शॉर्ट दाखवू लागला, तर करवतीनं कापलेले गॅप पाहा. लाकडी चौकट सुकून आकसते, रूळ सरकतात आणि केसभर फट बंद होते. गॅपमध्ये स्टायरीनचा तुकडा सुपरग्लूनं चिकटवा आणि रुळाच्या आकारात कानसून घ्या.