गुटी बांधायला गेलो आणि मॉस तसाच परत आणला

डाळिंबाच्या गुट्या बांधायचं, म्हणजे झाडावरच्याच काडीची साल काढून तिथे ओलं शेवाळ (मॉस) गुंडाळून मुळ्या फोडायचं काम आम्ही साक्री तालुक्यात बऱ्याच वर्षांपासून करतोय, पिंपळनेरकडे पाऊस धरला की फोन सुरू होतात, कारण जून ते ऑगस्ट हवेत ओल असते आणि बांधलेली गुटी आतून सुकत नाही. त्यातल्या एका दिवसाचं सांगतो, कारण एवढी देखणी बाग सोडून आम्ही का निघून आलो हे लोक अजून विचारतात.

बाग आबांची, भगवा जातीच्या डाळिंबाची, ऐन भरात आलेली. आबांच्या साडूच्या पोराला नवीन लागण करायची होती, आबांनी त्याला रोपांचा शब्द दिलेला आणि थोडा ॲडव्हान्सपण घेतलेला. मॉस आदल्या रात्रीच पाण्यात टाकून ठेवला होता, सकाळी बाया आल्या, शेडखाली बसून मॉस पिळून गोळे करायला लागल्या, पॉलिथिनच्या पट्ट्या कापून झाल्या, सुतळी तोडून झाली. आणि आमच्यातली जिजी माझ्याबरोबर काड्या निवडायला आत आली.

काडी निवडणं हेच खरं काम आहे, बांधणं कोणीपण शिकतं. पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षाची, सरळ काडी बघायची, तिची अडीच-तीन सेंटीमीटर साल गोल काढायची आणि आतला बुळबुळीत थर चाकूने नीट खरवडायचा. तो थर राहिला तर साल खालीवर परत जुळते आणि मूळ काही येत नाही. पाणी आतल्या लाकडातून वर जात राहतं म्हणून काडी हिरवी राहते, पण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली यायचं ते त्या कापलेल्या जागी अडतं, म्हणून मुळ्या नेहमी वरच्या काठाला फुटतात आणि आयबीए (मुळ्या फुटायचं संप्रेरक) लावायचं तेपण वरच्याच काठाला. दीड-दोन महिन्यांत पॉलिथिनमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात, त्या तपकिरी व्हायला लागल्या की काडी खालून आधी अर्धी कापायची, मग काही दिवसांनी पूर्ण.

तर पहिली ओळ चालू होती आणि जिजी थांबली. "भाऊ, हाई काय शे दख बरं." काडीच्या पेरावर, जिथे बाजूची फांदी फुटते तिथेच, काळपट खोलगट डाग आणि त्यात उभी बारीक चीर. नखाने साल उचलली तर आतपण तपकिरी. मग मी त्याच झाडाचं कोवळं पान तोडून उन्हाकडे धरलं, पाणी भरल्यासारखा एक ठिपका, कडेने पिवळसर वलय. बांधाला मागच्या बहाराची वाळलेली फळं पडलेली होती, त्यातलं एक उचललं, काळा डाग आणि त्यातून इंग्रजी एल अक्षरासारखी तडकलेली साल. तेल्या, डाळिंबाचा जीवाणूमुळे होणारा रोग. पुढच्या ओळी फिरून बघितल्या, सगळी झाडं नव्हती, इकडेतिकडे विखुरलेली होती, आणि तेच जास्त वाईट, कारण जी स्वच्छ दिसतात तीपण स्वच्छ आहेत असं छातीठोक कोण सांगणार.

आबांना बोलावलं. ते म्हणाले, "पानं त हिरवीगार शेतस, कसाना तेल्या?" त्यांचंपण चुकीचं नव्हतं, उन्हाळ्यात कोरड्या हवेत पानावर काही दिसत नाही, झाड छान पालवतं, पण जीवाणू पेरावरच्या त्या डागात जिवंत बसलेला असतो आणि पाऊस, दमट हवा आली की थेंबांबरोबर उडून शेजारच्या झाडावर जातो. अशा झाडाची गुटी बांधली म्हणजे ती काडीच रोग घेऊन जाते. गुटी हे नवीन झाड नसतंच, आईचाच तुकडा असतो, आईचा गुण येतो तसा आजारसुद्धा येतो. आमच्याकडे रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, रोगट बागेतले कंद लावले की हरण्या हा विषाणूचा रोग सोबत येतो हे त्यांनी बघितलंय, म्हणून तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या, टिश्यू कल्चरच्या रोपांकडे इतके लोक वळले.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आते काय करू मी? पोराले शब्द देयेल शे." मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. वर्षभर राबून उभी केलेली बाग, आणि पावसाळ्याचे दोन पैसे यायचे तेपण गेले. पण मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आबा, तुमच्या बागेत फवारणी, छाटणी करून हा आवरता येईल, त्या पोराच्या कोऱ्या रानात तुम्ही तो आपल्या हाताने नेऊन लावू नका, त्याने कर्ज काढून ठिबक टाकलंय. कामाला आलेला माणूस काम नको म्हणतोय हे त्यांना आधी पटेना, माझा रोज बुडत होता ना. मग त्यांनीच खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर साडूच्या पोराला लावला.

पोरगा सुरुवातीला चिडला, लागणीची तारीख जवळ आली होती. शेवटी त्याने टिश्यू कल्चरची रोपं घेतली, महाग पडली पण घेतली.

आम्ही बांधलेल्या थोड्या गुट्या होत्या त्या काड्यांसकट कापून बागेबाहेर आणून जाळल्या. चाकू, सिकेटर (छाटणीची कात्री) सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घेतले, हात साबणाने धुतले. हे सगळ्यांनी करायला पाहिजे आणि फार कमी लोक करतात, एका बागेतला सिकेटर तसाच दुसऱ्या बागेत, आणि वर्षभराने म्हणायचं तेल्या कुठून आला. कलमं विकणारे काही जण तर ज्या बागेतून काडी घेतात ती मातृबाग बघायलासुद्धा जात नाहीत, काडी मिळाली की बांध, हे मला अजिबात पटत नाही. सोलापूरला 2005 पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, रोपं निरोगी मातृवृक्षाचीच घ्या हेच तिथलेपण सांगतात, तरी घेणारा माणूस रोपाचा दर विचारतो, आई कुठली ते विचारत नाही.

उरलेला मॉस शेडमध्येच होता, बागेत गेला नव्हता, तो परत आणून दुसऱ्या गावात पेरूच्या गुट्यांना वापरला. आबांनी नंतर डागी फांद्या खालून काढल्या, कापांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, तो बहार धरलाच नाही, झाडांना विश्रांती दिली. आता दर पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचा फोन येतो, मी जातो, जिजीपण येते, ओळीओळीने पेरं बघतो. अजून आम्ही तिथे गुटी बांधलेली नाही. आणि हो, त्या दिवशी काम दुपारच्या आतच थांबलं होतं, तरी आबांनी सगळ्या बायांना पूर्ण रोज दिला.