तो लगेच हो का म्हणाला

खरं तर खूश व्हायला हवं होतं. बंद पडलेली जुनी टोयोटा प्रियस विकणाऱ्याला मी मुद्दाम फारच कमी आकडा बोलले, म्हणजे तो हसेल, मग त्याचा आकडा सांगेल, मग कुठेतरी मध्ये जमेल, असं सगळं ठरवून गेले होते, आणि तो म्हणाला, "चालेल, घेऊन जा." बस. घासाघीस नाही, "ताई, जरा तरी वाढवा" नाही. तेव्हापासून मनात नुसती चुटपुट.

एवढ्या पटकन कोणी गाडी देतं का? तीही हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. चालू असती तर मी तिच्याकडे बघितलंही नसतं, बंद आहे म्हणून तर आवाक्यात आलीय. माझ्या वाट्याला चालू वस्तू येतच नाही, कोणालातरी नकोशी झालेलीच येते. (जरा जास्त होतंय, पण आज लिहू दे.)

"नुसती बॅटरी गेलीय हो, बाकी गाडी टकाटक." कुठली बॅटरी, इथेच तर घोडं पेंड खातंय. हायब्रिडमध्ये दोन असतात. एक साधी १२ व्होल्टची, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ती उतरतेच, आणि तेवढंच असतं तर किरकोळ काम होतं. दुसरी मोठी. त्याने छोटीला बाहेरून वीज द्यायला जंपर लावला, डॅशबोर्ड उजळला, बिघाडाचा लाल त्रिकोणही आला, पण गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी' दिवा काही येईना. म्हणजे प्रकरण छोट्या बॅटरीवर भागणारं दिसत नाही. साधी गाडी असती तर जंपरवर निदान इंजिनचा आवाज तरी ऐकला असता, नाहीतर धक्का स्टार्ट. हिच्यात वेगळा स्टार्टरच नाही, मोठ्या बॅटरीवरची मोटरच इंजिन फिरवते, त्यामुळे ती बॅटरी मेली की इंजिन गप्प. मग इंजिन धड आहे का, त्याच्या जोडातलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, शाबूत आहे का, ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) कण्हतंय का, सगळं त्याच्या शब्दावर. आणि शब्द देणारा माणूस एका वाक्यात गाडी सोडायला तयार!

मागच्या सीटच्या बाजूला ती हवेची जाळी असते ना, बॅटरीचा पंखा केबिनमधली हवा ओढतो ती. मी वाकून बघितलं तर तिच्यावर करड्या धुळीचा जाड थर आणि त्यात कुत्र्याचे केस, नखाने उचलला तर कापडासारखा सलग निघाला. म्हणजे बॅटरी वर्षानुवर्षं गरम होत राहिली असणार. मी ते बघत होते तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. आकडा त्यानंतर निघाला. म्हणून तर.

रात्री गणित घालत बसले. दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या मोठ्या बॅटरीत, म्हणजे पॅकमध्ये, २८ मॉड्यूल (सुटे डबे), प्रत्येक ७.२ व्होल्टचं, म्हणजे सगळे मिळून २०१.६. एका मॉड्यूलमध्ये ६ सेल, त्यातला एक जरी बसला तरी गाडी रुसते. वाईट तेवढं एक बदलायचं, हे ऐकायला फार गोड वाटतं, पण बाकीचेही त्याच वयाचे, त्याच उन्हाळ्यांतून गेलेले, आज एक तर काही महिन्यांनी शेजारचा. पूर्ण पॅक घेतला तर स्वस्त गाडीचा स्वस्तपणा तिथेच संपला. आणि ते हाय व्होल्टेजचे नारिंगी केबल. आधी हाय व्होल्टेजचे रबरी हातमोजे घालायचे, मग बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला १० मिनिटं थांबायचं, मगच हात लावायचा. बाबा असते तर त्यांनी... जाऊ दे.

पण परत तेच. तो हो का म्हणाला? त्याला माहितीय असं काय आहे जे मला माहीत नाही?

मग भांडी आवरताना एकदम हसू आलं. आमच्याकडे ती ट्रेडमिल आहे, उद्या कोणी दारात येऊन मागितली तर मी आकडा ऐकायच्या आत हो म्हणेन, वर एका बाजूने धरून खाली पोचवूनही देईन, आणि त्यात काही लपवाछपवी नसेल, फक्त जागेचा कंटाळा. त्याचंही तसंच असेल. किंवा नसेल. पण मी तरी कुठे त्याला सांगितलं की मला ती मुळात चालवायला हवीय की नुसती उघडून बघायला हवीय, हे माझंच नक्की नाही.

तर आता असं. पैसे अजून दिलेले नाहीत. दादाकडून स्कॅनर आणायचा, गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचे, मोठ्या बॅटरीचा 'पी०ए८०' एकटाच असेल तर ब्लॉकनिहाय, म्हणजे मॉड्यूलच्या प्रत्येक जोडीचं, व्होल्टेज बघायचं. एखादीच जोडी खाली असेल तर विचार करू, सगळीच वरखाली असतील किंवा इन्व्हर्टरचाही (बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या भागाचाही) कोड निघाला तर नमस्कार करून परत. स्कॅनर लावू दिला नाही तर प्रश्नच मिटला.

घरी याला अजून काहीच बोलले नाहीये. सांगताना आकडा आधी सांगायचा, आणि हा छान म्हणाला की मग हळूच, चालत नाही म्हणून.