कालवाच्या पिल्लांचा श्वास

गेल्या सप्टेंबरात आमच्या धक्क्याला टांगलेल्या पिंजऱ्यांपैकी एकाची दोरी सैल झाली आणि तो तळाच्या गाळात टेकला. महिन्याभराने वर काढला, तेव्हा आतले कालवांचे बीज, म्हणजे नखापेक्षाही लहान पिल्ले, जवळजवळ सगळे मेलेले होते. इथे अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात 2008 पासून चेसापीक उपसागराच्या काठचे रहिवासी असे बीज पहिले काही महिने सांभाळतात आणि नंतर ते राखीव क्षेत्रांत सोडले जाते. पिंजरा गमावल्याचे मला फार वाईट वाटले, कारण कालव चिवट असते या समजावर मी निर्धास्त राहिलो होतो.

तो समज रत्नागिरीचा. ओहोटीत खडकावर तासन्‌तास मिटून बसलेली कालवे पाहत मी वाढलो. मोठे कालव शिंपले घट्ट मिटून, शरीराचा व्यवहार मंदावून प्राणवायूविना काही दिवसही काढते. पिल्लाजवळ मात्र तेवढी शिदोरी नसते.

फलित अंड्यापासून साधारण एका दिवसात पहिला इवलासा शिंपला तयार होतो आणि पुढचे दोन-तीन आठवडे ते पिल्लू पाण्यात तरंगत राहते. या काळात ते वरच्या, प्राणवायूयुक्त थरात राहू शकते. पण कालव व्हायचे तर त्याला खाली उतरून कठीण पृष्ठभागाला कायमचे चिकटावेच लागते, आणि चिकटल्यावर तिथून हलता येत नाही. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात कमी पिल्ले चिकटतात आणि चिकटलेल्यांची वाढ खुंटते. वाढ जितकी मंद, तितके जास्त दिवस ती खेकड्यांच्या तोंडी राहतात.

दुर्दैवाने पिल्लांचा हंगाम आणि तळ गुदमरण्याचा हंगाम एकच, तो म्हणजे उन्हाळा. शेतांतून आणि शहरांतून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदावर शैवाल माजते, मरून तळाशी जाते आणि ते कुजवणारे जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात. वर नदीचे हलके गोडे पाणी आणि खाली जड खारे पाणी असल्याने ताजा प्राणवायू खाली पोहोचत नाही. लिटरमागे 2 मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू उरला की बहुतेक जीवांची दैना होते. उथळ खाड्यांत पहाटे तो सर्वांत कमी असतो, हेही मला उशिराच कळले.

नॉर्थ कॅरोलिनातील न्यूस नदीत मुद्दाम बांधलेल्या कालवांच्या उंच आणि बुटक्या राशींची तुलना झाली, तेव्हा खोल पाण्यातल्या बुटक्या राशींवरची कालवे मेली आणि उंच राशींच्या माथ्यावरची जगली. पूर्वी चेसापीकमध्येही अशा उंच राशी होत्या. अतिउपशाने त्या सपाट झाल्या. यंदा मी सगळ्या दोऱ्या आखूड केल्या आहेत आणि ओहोटीतही पिंजरा तळापासून हातभर वर राहतो की नाही, हे दर आठवड्याला पाहतो.